चालू पीसी अचानक बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

डेस्कटॉप चालता चालता बंद पडायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो फॉरमॅट मारण्याचा, आणि दुसरा रॅम काढून खोडरबराने घासण्याचा. दोन्हींना फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून ते आधी सुचतात. पण प्लग उपटल्यासारखा बंद पडणारा पीसी या उपायांनी क्वचितच ताळ्यावर येतो. विंडोज नवीन टाकलं, चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मधल्या दिवसांत पीसी सुधारलेला नसतो. सगळी सॉफ्टवेअर परत चढेपर्यंत त्याच्यावर काम कमी पडलेलं असतं, एवढंच.

म्हणून पीसी का बंद पडतो हे विचारण्याआधी तो कसा बंद पडतो ते बघा. नीट बघितलं तर निम्मे संशयित तिथेच सुटतात, आणि दुकानदार सांगेल तो भाग आंधळेपणाने विकत घ्यायची वेळ येत नाही. पुढची बहुतेक तपासणी फुकटात होते. फार तर एक स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. मात्र सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की ती फाइल खराब होऊ शकते, आणि टॅलीचा डेटा असा गेला की पीसीच्या दुरुस्तीपेक्षा तो निस्तरणं महागात पडतं.

नेमकं काय होतं?

‘बंद पडतो’ या एका तक्रारीखाली पाच-सहा वेगळे प्रकार खपतात. फॅन, दिवे, सगळं एका क्षणात थांबलं तर तो विजेचा, उष्णतेचा किंवा एसएमपीएसचा (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) मामला. बंद होऊन लगेच आपोआप चालू झाला तर तो रीस्टार्ट. त्यामागे विंडोजची गंभीर चूक दाखवणारा निळा स्क्रीन लपलेला असू शकतो. स्क्रीन काळी झाली पण फॅनचा आवाज चालूच आहे, तर पीसी बंद पडलेलाच नाही. मॉनिटरची केबल किंवा ग्राफिक्स कार्ड बघा. पुढचा दिवा हळूहळू मिचकावत असेल तर पीसी स्लीपमध्ये गेलाय. आणि ‘शटिंग डाउन’ असं दाखवून शहाण्यासारखा बंद होत असेल, तर कुणीतरी किंवा कशाने तरी त्याला तसा हुकूम दिलाय.

मी सगळ्यात जास्त वजन देतो तो प्रश्न मात्र वेगळाच: बंद पडल्यावर लगेच बटण दाबलं तर काय होतं?

लगेच चालू झाला आणि पुढे तासन्‌तास चालला, तर भिंतीकडचा पुरवठा, सैल प्लग किंवा यूपीएस यांच्यावर संशय. चालू झाला पण अर्ध्या-एक मिनिटात परत बंद, आणि अर्धा तास विश्रांती दिली की बराच वेळ चालतो, तर उष्णता. बटण दाबूनही काहीच हालचाल नाही, पण मागचा स्विच किंवा भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद ठेवून परत चालू केलं की पीसी उठतो, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी कुलूप लावून घेतलं होतं. जास्त करंट खेचला गेला किंवा व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की चांगला एसएमपीएस असा अडून बसतो, आणि मुख्य वीज तोडल्याशिवाय सुटत नाही. दोष त्याच्या आत असेल किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या भागात.

दोन-तीन दिवस कागदावर वेळ टिपून ठेवा. त्या वेळी पीसीवर काय चालू होतं, घरातली पाण्याची मोटर किंवा फ्रिज चालू झाला का, ट्यूबलाइट लुकलुकली का, एवढं पुरे.

विंडोजची नोंदवही

स्टार्टवर उजवं क्लिक केलं की यादीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ सापडतो. त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टम’ उघडा. अचानक बंद पडलेल्या प्रत्येक पीसीत इथे ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची लाल नोंद आणि जोडीला ६००८ दिसते. लोक ४१ बघून घाबरतात आणि इंटरनेटवर त्याचा इलाज शोधत बसतात. ती नोंद आजाराची नाही. पुढच्या वेळी चालू होताना विंडोजने लिहिलेलं असतं की मागच्या खेपेला रीतसर बंद झालो नव्हतो; त्यापलीकडे तिचा अर्थ नाही.

तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये मात्र कामाचं काहीतरी असतं. ‘बगचेक कोड’पुढे शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली, किंवा पीसी इतका गोठला की लिहायलाही उसंत मिळाली नाही. शून्याऐवजी आकडा असेल तर निळा स्क्रीन आला होता. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि निळ्या स्क्रीनचे कोड सोळामान पद्धतीत, त्यामुळे विंडोजच्या कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये तो बदलून मग शोधा. तिथेच ‘पॉवर बटण टाइमस्टॅम्प’ असतो. तो शून्य नसेल आणि तुम्ही बटणाला हात लावलेला नसेल, तर खालचा बटणाचा भाग आधी वाचा.

४१ ऐवजी १०७४ ही नोंद दिसली तर कोणत्या प्रोग्रामने बंद करायला सांगितलं त्याचं नावच तिच्यात असतं. बहुतेकदा विंडोज अपडेट निघतं. ‘कर्नल-पॉवर’ची ४२ म्हणजे स्लीप. या दोन्हींत पीसी उघडायची गरज नाही.

निळा स्क्रीन दिसायच्या आत पीसी रीस्टार्ट होत असेल तर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ सेटिंगमधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. मग तो स्क्रीनवर थांबेल आणि मोबाइलने फोटो काढता येईल.

यानंतरची चाचणी मला फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि तसाच तासभर सोडून द्या. तिथे विंडोज नाही, व्हायरस नाही, ड्रायव्हर नाही. तिथेही बंद पडला तर फॉरमॅटचा विषय कायमचा संपला. तिथे टिकला तर मात्र लगेच विंडोजवर ठपका ठेवू नका. बायोसमध्ये पीसीवर भार नसतो, आणि भार आला की बंद पडणारा पीसी तिथे निवांत बसतो.

भिंतीपासून सुरुवात करा

पीसी दुकानात नेला, दुकानदाराने दिवसभर चालवून दाखवला, घरी आणला आणि तासाभरात बंद. यात दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्याकडचा पुरवठा चांगला आहे आणि तुमच्याकडचा नाही. पीसी नेताना पॉवर केबल आणि यूपीएस घरीच राहतात, म्हणजे संशयित घरी ठेवून फिर्यादीला चौकशीला नेण्यासारखं आहे.

पहिल्यांदा पॉवर केबल. कॅबिनेटच्या मागे ती सैल बसते का, हलवल्यावर चरचर आवाज येतो का, भिंतीतल्या सॉकेटवर काळा डाग किंवा जळका वास आहे का, ते बघा. स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डच्या आतल्या पट्ट्या वर्षभरात सैल होतात. बोर्ड मधून काढा, दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर पीसी सरळ लावा आणि दोन दिवस चालवा. इतकं करून प्रश्न सुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत आणि त्याचे पैसे कुणालाच घेता येत नाहीत, म्हणून हा सल्ला मिळत नाही.

मग यूपीएस. घरगुती यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. थकली तरी हिरवा दिवा लागतोच, कारण वीज आहे तोवर हा यूपीएस भिंतीकडची वीजच पुढे सरकवत असतो. क्षणभर वीज लुकलुकली की तो बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसतो, आणि पीसी पडतो. घरातल्या बाकी कुणाला लाइट गेल्याचं कळतही नाही. चाचणी सोपी आहे: सगळं सेव्ह करा, सगळे प्रोग्राम बंद करा आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. पीसी त्याच क्षणी गेला किंवा मिनिटभरात गेला, तर बॅटरी बदला. पूर्ण यूपीएस बदलायची गरज सहसा नसते.

यूपीएसवरचा आकडाही फसवा असतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. व्हीए आणि वॅट एक नव्हेत. मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं त्याच्यावर लादलं आणि पीसीत गेमिंगचं कार्ड असलं, तर लाइट गेल्यावर तो कण्हतो आणि बंद पडतो.

याच यूपीएसला लेसर प्रिंटर लावलेला असेल तर आधी तो काढा. लेसर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवणारा हीटर असतो आणि तो तापताना काही क्षण शेकडो वॅट खेचतो. एका डीटीपीच्या दुकानात पीसी ‘प्रिंट दिली की बंद पडतो’ म्हणून प्रिंटरचा ड्रायव्हर तीनदा टाकून झाला होता. ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता. प्रिंटर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर गेला आणि तक्रार संपली.

घराच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागचा छोटा स्विच बघावा. ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंखे-दिव्यांना त्याचं सोयरसुतक नसतं, पीसीला असतं. एसएमपीएसच्या प्रमाणित आराखड्यात वीज गेल्यावर फार तर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरणं अपेक्षित आहे, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणून स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. जुने चौकोनी लहरीचे इन्व्हर्टर ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना मानवत नाहीत. महागडा नवा एसएमपीएस बसवल्यावर लाइट गेली की पीसी पडायला लागला, पूर्वीचा स्वस्तातला टिकत होता, असं उलटं चित्र त्यामुळेच दिसतं.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. २३० च्या जागी १७० मिळायला लागले की बरेच स्वस्त एसएमपीएस हात टेकतात. ठरावीक वेळीच पीसी पडत असेल तर त्याच वेळी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर हातात धरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंगही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थिंगशिवाय पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याइतकं व्होल्टेज तरंगत राहतं. प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घातलेली असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

आणि एक धोक्याची खूण: घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील तर तो पीसीचा प्रश्न नाहीच. न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की असं होतं आणि व्होल्टेज ३०० च्या वरही जाऊ शकतं. मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा.

उष्णता: संशय पटकन येतो, पण पुरावा बघा

पीसी बंद पडला की ‘गरम होतोय’ असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात प्रोसेसर तापून थेट बंद पडण्याआधी बरंच काही घडतं. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडली जाते. म्हणजे उष्णतेने बंद पडणारा पीसी बहुधा आधी रखडतो, फॅन जिवाच्या आकांताने ओरडतो. छान वेगात चालत असताना गपकन गेला, तर प्रोसेसरच्या उष्णतेवरचा माझा संशय कमी होतो. अपवाद एकच: हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरवरून सुटला असेल किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद पडला असेल, तर तापमान मिनिटभरात कळस गाठतं.

अंदाज करत बसू नका, मोजा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर तापमान दाखवतं आणि दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहूनही ठेवतं. ती नोंद चालू ठेवून नेहमीचं काम करा. पीसी पडला की परत चालू करून त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ६० अंशांवर असेल तर उष्णतेचा तपास तिथेच थांबवा आणि पुढे सरका. ९८, ९९, १०० असं चढत गेलं असेल तर कॅबिनेट उघडा. रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर मात्र पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत; ते आकडे बघून दचकू नका.

इंटेलच्या डब्यात येणारा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. पीसी एका गावाहून दुसऱ्या गावी गाडीत आडवा-तिडवा गेला की एखादी पिन सुटते आणि हीटसिंक एका कोपऱ्यात तरंगतो. वरून बघून ते लक्षात येत नाही. पीसी बंद करून, प्लग काढून हीटसिंक हळूच हलवून बघा. तसूभरही हलायला नको. पिना बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा, टक् असा आवाज येईस्तोवर. पिनेचं टोक मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा, मटारच्या दाण्याएवढी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

धुळीचं सगळ्यांनाच माहीत आहे. एवढंच सांगतो, ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग जातं. देवघराजवळ ठेवलेल्या पीसीत उदबत्तीच्या धुराने आणि स्वयंपाकघरालगतच्या पीसीत तेलकट वाफेने धूळ चिकट होते. ती ब्लोअरने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात ७५ वर चालणारा प्रोसेसर नव्वदी ओलांडणारच. त्यावर वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडायचा मोह आवरा. त्या दमट हवेतले क्षार बोर्डावर बसतात. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणातून कॅबिनेट बाहेर काढून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

एसएमपीएस: खरा गुन्हेगार बहुतेकदा हाच

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळालेला एसएमपीएस असेल तर तपास इथूनच सुरू केला तरी मी हरकत घेणार नाही. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. खालची बारीक अक्षरांतली पट्टी वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड खातात ते १२ व्होल्टच्या लाइनवरून. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. एवढीच खरी कमाई, आणि तीही पट्टी खरं बोलत असेल तर. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड एकटं १७० वॅट मागतं. अशा पीसीवर एक्सेल दिवसभर चालतं आणि गेम सुरू झाला की पाच मिनिटांत सगळं अंधारात.

मोठ्या कार्डांची आणखी एक खोड आहे. सरासरी वापर मर्यादेत असला तरी ती मिलिसेकंदाच्या अंशात दुप्पट करंट ओढतात आणि एसएमपीएसचं संरक्षण चालू होतं. आरटीएक्स ३०८०, ३०९० च्या काळात ही तक्रार फार झाली. २०२२ च्या एटीएक्स ३.० आराखड्यात एसएमपीएसने असा दुपटीचा झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अटच घातली गेली. कार्डाला दोन पॉवर सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता एसएमपीएसकडून दोन वेगळ्या केबल आणा. काही वेळा तेवढ्यानेही भागतं.

मोजणी अशी करायची: पीसी चालू ठेवून मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये मल्टिमीटर लावा. पिवळी आणि काळी वायर यांच्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. नुसतं डेस्कटॉपवर बसून मोजलं तर सगळं आलबेल दिसेल. ‘ओसीसीटी’ या चाचणीच्या सॉफ्टवेअरने भार टाका आणि आकडा घसरतो का ते बघा, आधी फक्त प्रोसेसरवर, मग फक्त ग्राफिक्स कार्डवर. कशावर बंद पडतो ते कळलं की तपास एका बाजूला सरकतो. मल्टिमीटरला क्षणभराची बुडी दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटला असं समजू नका. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून फॅन फिरतो का ते बघण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिच्यातून एसएमपीएस मेलेला नाही एवढंच कळतं. भाराखाली तो काय करेल हे कळत नाही.

खरा निकाल लागतो तो ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघितल्यावर. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. केबल सुट्या होणाऱ्या मॉड्युलर एसएमपीएसमध्ये एकाची केबल दुसऱ्याला लावायची नाही. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असते, आणि हार्ड डिस्क जळते. एसएमपीएस बदलायचा तर केबलसकट सगळा बदला.

त्याला उघडून मात्र बघू नका. २३० व्होल्ट एसीचे आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी होतात, काहींत त्याहून जास्त, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. दुरुस्त केलेला जुना एसएमपीएस स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या दुकानात, नावाजलेल्या ब्रँडचा, कार्यक्षमतेचा ८० प्लस शिक्का असलेला, वॉरंटीचा नवा घ्या.

अडकलेलं बटण

हे कारण कुणाच्या डोक्यात येत नाही. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की डेस्कटॉप सक्तीने बंद होतो. आता कल्पना करा, बटण दाबल्यावर ते आतच अडकलंय. पीसी चालू होतो, चार-पाच सेकंदांत बंद. स्वस्त कॅबिनेटची बटणं, लहान मुलांची सांडलेली सरबतं आणि कोकणातला पावसाळा, तिन्ही या कामी हातभार लावतात. कधी बटण पूर्ण अडकत नाही, दमट हवेत त्याचे आतले संपर्क अधूनमधून चिकटतात, आणि मग पीसी लहर लागेल तेव्हा पडतो. लोक या तक्रारीवर मदरबोर्ड बदलून मोकळे होतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या पॅनेलमधून मदरबोर्डकडे आलेल्या बारीक वायरींत ‘पॉवर एसडब्ल्यू’ असं लिहिलेला दोन पिनांचा कनेक्टर असतो. पीसी चालू झाल्या झाल्या तो ओढून काढा. मग पीसी चालूच राहिला तर बटण बाद. नवीन बटण शोधत फिरायची गरज नाही. शेजारचा ‘रीसेट एसडब्ल्यू’चा कनेक्टर पॉवरच्या पिनांवर लावा. रीसेटचं बटण आता चालू करण्याचं काम करेल आणि त्याची कुणाला आठवणही येणार नाही.

राहिलेले संशयित

‘यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट’ असा मजकूर येऊन पंधरा सेकंदांत पीसी बंद होत असेल, तर पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. पिना वाकून एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या पोर्टची बोर्डावरची वायर काढून टाकली की झालं.

रॅम खराब असली की निळा स्क्रीन, गोठणं, रीस्टार्ट असे प्रकार होतात. प्लग उपटल्यासारखा पीसी बंद पाडणं हा तिचा स्वभाव नाही. संशय असेल तर रॅम तपासणारं ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावा. एक जरी चूक निघाली तरी एकेक पट्टी वेगळी तपासा. बोर्डावरचा बटण सेल, तो ३ व्होल्टचा सीआर२०३२, गेला तर घड्याळ मागे पडतं. चालू पीसी त्याने बंद पडत नाही, तरी तो बदलून पैसे घेणारे भेटतात.

कॅबिनेट उघडलंच आहे तर मुंग्यांचं वारूळ, मेलेली पाल, झुरळं आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी यांच्याकडेही नजर टाका. हा विनोद नाही.

सॉफ्टवेअरमुळे पीसी बंद होतो तेव्हा त्यात शिस्त असते. बरोबर तासाने, दर तासाला बंद होत असेल तर विंडोजची चाचणी आवृत्ती टाकलेली आहे का बघा. ९० दिवसांची एंटरप्राइझ आवृत्ती मुदत संपली की दर तासाला बंद होते. ‘स्वस्तात विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्यांच्या कृपेने ती घरोघरी पोचते. इथे, आणि फक्त इथे, फॉरमॅट हा बरोबर इलाज आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्मने जगभरच्या विंडोज एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून पीसी रीस्टार्ट केले होते. ‘बंद पडतो म्हणजे व्हायरस’ ही समजूत घट्ट झाली ती बहुधा तेव्हापासून. आजच्या व्हायरसला तुमचा पीसी चालू हवा असतो.

सगळं करूनही पडतोच

मग उरतो मदरबोर्ड. त्याआधी एकदा सगळं किमान करून बघा: ग्राफिक्स कार्ड, जादा हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह काढा, रॅमची एकच पट्टी ठेवा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवा. बाहेर चालला आणि आत बंद पडला, तर बोर्डाच्या खाली एखादा चुकीच्या जागी बसलेला स्टँड किंवा पडलेला स्क्रू कुठेतरी टेकतोय. बाहेरही पडला तर प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर बघा. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली दिसली तर निदान झालं. चांगला कारागीर ते बदलून देतो आणि जुन्या बोर्डाला तेवढं पुरतं.

बोर्ड दुरुस्तीच्या पलीकडे गेला असेल तर पीसीचं वय बघा. चौथ्या पिढीच्या आय ३, आय ५ साठी आज बाजारात नवे म्हणून मिळणारे एच८१ बोर्ड बहुतेक अनोळखी नावांचे असतात. त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा पीसीवर हजार-दोन हजारांच्या पुढे खर्च करू नका. नवा घेतलेला एसएमपीएस, एसएसडी आणि कॅबिनेट पुढच्या पीसीत चालतील. रॅम मात्र नाही. ती डीडीआर३ आहे.